अबोल्याचा अपवाद

अबोला या शब्दाला इंग्रजीत धड प्रतिशब्द नाही, हे मी विधिमंडळाच्या समितीपुढे अगदी मान ताठ करून सांगितलं होतं. शेवटी इंग्रजी मसुद्यातही तो रोमन लिपीत तसाच छापावा लागला. आपल्या माजघरातला शब्द कायद्याच्या पुस्तकात जसाच्या तसा जाऊन बसला, म्हणून त्या दिवशी मी कार्यालयात पेढे वाटले. मी ललिता काळमेघ, राज्याच्या विधी खात्यात मसुदाकार. आमचा कक्ष नागपूरला आला त्याला आता सहा वर्षं झाली. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचे हेतू माझ्या वाक्यांत बसवते आहे, आणि स्वल्पविरामावरून मंत्र्यांशी भांडलेली बाई अशी माझी ख्याती आहे.

त्या कायद्याचं पूर्ण नाव मानसिक आपत्काल साहाय्य अधिनियम. पथकाचं नाव साथपथक ठेवलं, म्हणून लोक त्याला 'साथीचा कायदा' म्हणायला लागले आणि खेड्यापाड्यात पहिले सहा महिने लोकांना वाटलं, पटकीबिटकीची लस टोचायला येणार आहेत. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती, पण कायदा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी नववीत असताना माझी सुमनआत्या भर चौकात ओरडत सुटली होती. तीन पोलीस आले, त्यांनी तिचे हात दोराने बांधले आणि जीपमध्ये घालून नेलं. माझा धाकटा भाऊ उमेश तेव्हा चार वर्षांचा होता, तो दाराआडून बघत होता. आत्या परत आली ती कुणाकडे मान वर करून बघेना. पुन्हा कुणाच्या हाताला दोर लागू नये, एवढ्यासाठी मी हा कायदा लिहिताना जीव ओतला होता.

कायद्याच्या मुळाशी एक यंत्र होतं. आपण बोलतो तेव्हा गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला शंभर ते अडीचशे वेळा थरथरतात. हे थरथरणं कधीच अगदी नेमकं नसतं. प्रत्येक कंपन आधीच्यापेक्षा किंचित लांब किंवा किंचित आखूड असतं. हा बारीक फरक मेंदूतून उतरणाऱ्या ज्या मज्जातंतूमुळे पडतो, त्याच्याच फांद्या हृदयाकडे आणि पोटाकडे जातात. माणूस आतून खचू लागला की त्याचा परिणाम आवाजावर होतो. आवाज सपाट होतो, दोन शब्दांमधली जागा वाढते, वाक्याचं शेपूट खाली पडतं. माणूस हसत बोलला तरी हे लपत नाही. आपल्या कानाला कळत नाही, यंत्राला कळतं. दिवसभरात मिळून चाळीस सेकंदांचं बोलणं मिळालं की यंत्र त्याचा आलेख काढतं. त्याला आम्ही स्वरलेख म्हणतो.

संमती देणाऱ्या प्रत्येक घरात भिंतीवर एक डबी बसवली. ती शब्द साठवत नाही, फक्त सूर मोजते. स्वरलेख ठरावीक रेषेखाली गेला की डबीचा हिरवा दिवा नारिंगी होतो आणि घरी पोलीस न येता दोन माणसं येतात: एक परिचारिका आणि एक प्रशिक्षण घेतलेला मोहल्ल्यातला माणूस. ती बसतात, ऐकतात आणि माणूस तयार असेल तरच त्याला पुढे नेतात. पहिल्या दोन वर्षांत कितीतरी जीव वाचले. हे मी माझं कौतुक म्हणून सांगत नाही, पुढचं सांगायचा धीर यावा म्हणून सांगते आहे.

घोळ झाला तो गप्प राहणाऱ्यांचा. जो बोलतच नाही त्याचा आलेख कसा काढणार? म्हणून तरतूद केली की घरात असूनही सलग बहात्तर तास कुणी बोललं नाही, तर पथक येईल. चाचणीसाठी निवडलेल्या तालुक्यांत पथकं नुसती धावत सुटली. दार वाजवावं तर आत सासू जावयावर रुसलेली. कुठे सख्खे भाऊ एकाच ओसरीवर पाठीला पाठ लावून बसलेले. एका घरात नवरा-बायको सात महिने पोरीच्या मार्फत बोलत होते, आणि पथक आल्यावर दोघांनी मिळून पथकालाच झापलं. वर्तमानपत्रांनी आमची यथेच्छ खिल्ली उडवली. यंत्र परदेशात तयार झालेलं, त्याला अबोला ठाऊक नव्हता. मग समितीने मला बोलावलं आणि मी लिहिलं:

'परंतु, कौटुंबिक रुसव्यातून धरलेला अबोला हा या कलमाच्या अर्थानुसार आपत्काल असल्याचे समजण्यात येणार नाही.'

घरातल्या कुणीही प्रौढ माणसाने डबीला 'अबोला आहे' असं सांगितलं की तशी नोंद व्हायची आणि पथक यायचं नाही. पण एका गावात एका कुटुंबाने याचाही खेळ केला. सुनेवर राग आला की नोंद मागे घ्यायची आणि पथक तिच्या अंगावर घालायचं, राग गेला की पुन्हा अबोला. ते बंद करायला मी पोटकलम चार जोडलं. एकदा केलेली नोंद अबोला धरणाऱ्याने स्वतः बोलेपर्यंत, किंवा तीस दिवस, कुणालाही मागे घेता येणार नाही. शिवाय नातेवाइकांचं म्हणणं हा पुरावा धरला जाणार नाही. समितीतले एक सदस्य म्हणाले, "मॅडम, याला फटच ठेवली नाही तुम्ही." मला ते फार आवडलं होतं.

उमेश तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आला. वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तो गणित शिकवायचा. मुलं कमी झाली, महाविद्यालय बंद पडलं, त्याआधीच त्याचं लग्न मोडलेलं. येताना त्याने कपड्यांची एक बॅग आणि वर्गातला एक लाकडी फळा आणला. फळा बैठकीत भिंतीला टेकवलेला असायचा, त्यावर कायम कसलं तरी अर्धवट गणित. घरातला स्वयंपाक तो करायचा, आणि माझ्यापेक्षा चांगला करायचा. माझे मसुदेही तो वाचायचा. या कायद्याचाही शब्द न् शब्द त्याने वाचला होता, आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं होतं.

दिवाळीच्या आवरासावरीत मी तो फळा भंगारवाल्याला दिला. वाळवी लागली होती, खरंच लागली होती. उमेश बाहेरून आला, रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणाला, "फळा?"

"दिला. वाळवी लागली होती त्याला."

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर तो बोलला नाही. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, थोडी गंमतही वाटली. आमच्या घराण्यात अबोल्याची मोठी परंपरा आहे. आमच्या आईने मोठ्या काकूंशी अकरा महिने धरला होता आणि त्या काळात दोघींनी मिळून दोन लग्नं पार पाडली होती. चौथ्या दिवशी सकाळी डबी तिच्या गोड आवाजात म्हणाली, "उमेश काळमेघ बहात्तर तास बोललेले नाहीत. अबोला आहे का?"

उमेश समोरच भाजी निवडत होता. मी त्याला चिडवायला मोठ्याने म्हटलं, "हो, अबोला आहे." माझीच तरतूद माझ्याच घरात कामाला आली, याचा मला कोण आनंद झाला होता! त्याने मान वर केली नाही. मेथीचं एकेक पान तोडत राहिला.

बाराव्या दिवशी शेजारच्या शेंडेकाकू वाटीभर चिवडा घेऊन आल्या. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, "ललिता, उमेश माझ्यावर रागावला हाय का वं?"

"तुमच्यावर काहून रागावंल?"

"मी त्याले म्हटलं होतं, बाबू, दुसरं लग्न करून टाक. तवापासून बोलून नाही राहिला माझ्याशी. हाक मारली तं नुसता पाहाते. मले वाटलं, अबोला धरला."

मी म्हटलं, नाही हो काकू, तो माझ्यावर रुसलाय. पण मग काकूंशी का बोलत नव्हता? मी तशीच खाली गेले. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला रामटेके मला बघून टेबलाआडून बाहेर आला. "मॅडम, सर नाराज हायेत का जी? मागच्या खेपेले शर्टावर डाग पडला होता. माफी मागितली मी, पण सर काही बोललेच नाही."

दूधवाल्याला वाटत होतं, त्याच्यावर राग आहे. वाचनालयातल्या मुलीला वाटत होतं, तिच्यावर. प्रत्येकाने आपापली चूक शोधून ठेवली होती आणि दोघा-तिघांनी तर माफीही मागून टाकली होती. अबोल्याला रोख असतो. अबोला धरलेला माणूस भांडी आपटतो, दुसऱ्याकरवी निरोप देतो, आपण बोलत नाही हे समोरच्याला पदोपदी कळेल असं बघतो. अबोला म्हणजे एका माणसाशी सतत बोलणंच असतं. उमेशचं गप्प राहणं कुणाच्याच रोखाने नव्हतं. हे कळायला मला, या शब्दावर समितीपुढे पाऊण तास बोललेल्या बाईला, बारा दिवस लागले.

घरी आले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. काय शोधत होते मलाच माहीत नव्हतं. फडताळ उघडलं तर प्रत्येक डब्यावर नवी चिठ्ठी चिकटवलेली. हळद. धणेपूड. काळा मसाला, भाजीत एक चमचा पुरतो. तुरीची डाळ, तीन शिट्ट्या. त्याचं ते फळ्यावरचं गोल, सुबक अक्षर. तीन वर्षं हे डबे त्याच्याशिवाय कुणी उघडले नव्हते. त्याला चिठ्ठ्यांची गरज नव्हती. त्या माझ्यासाठी होत्या, तो नसतानाच्या माझ्यासाठी. मी फडताळ तसंच उघडं टाकून फोन उचलला.

साथपथकाच्या क्रमांकावर एक तरुण मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, त्यांच्या नावावर अबोल्याची नोंद आहे."

"मीच केली. मला मागे घ्यायची आहे."

"ती त्यांनी स्वतः बोलून मोडावी लागते. कलम सतरा, पोटकलम चार. वाचून दाखवू?"

"नको. पाठ आहे मला."

"अजून एकवीस दिवस आहेत," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच काळजी होती. "तुम्ही त्यांना बोलतं करायचा प्रयत्न करा ना."

माझी एक मैत्रीण मानसोपचारतज्ज्ञ आहे. ती आली, तासभर त्याच्यासमोर बसली. त्याने तिला चहा करून दिला, एक शब्द बोलला नाही. जाताना ती जिन्यात म्हणाली, "ललिता, त्याच्या होकाराशिवाय मी त्याच्या अंगाला हात लावू शकत नाही. आणि ते बरोबरच आहे." मी मान हलवली. बरोबरच होतं. दोर नको म्हणून मीच तसं लिहिलं होतं.

आमचे सचिव दाणीसाहेब सज्जन माणूस. मी एका ओळीची सुधारणा लिहून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. "वाक्य उत्तम आहे. डिसेंबरच्या अधिवेशनात घेऊ."

"साहेब, ऑक्टोबर चालू आहे."

"वटहुकूम काढायला एका घरची गोष्ट पुरत नाही, काळमेघ. हे तुम्हीच मला शिकवलंत." त्यांनी चष्मा काढला. "रजा घ्या. त्याला एकटं सोडू नका."

मी रजा घेतली. खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या, घरातल्या औषधांचा डबा शेंडेकाकूंकडे ठेवला, न्हाणीघराची कडी काढून टाकली. उमेश हे सगळं शांतपणे बघत होता. सुताराला स्क्रू उचलून देत होता. आणि मी बोलत होते. सकाळपासून बोलायला बसायचे. बोल नं रे उमेश. शिवी दे मला. फळा शोधून आणते, दुकानं पालथी घालते. एक शब्द बोल, मग ती लोकं येतील, त्यांना तरी सांग. एकदा मी त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले. त्याने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. इतकी हतबल मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

अठराव्या दिवशी सकाळी दिवा नारिंगी झाला. मला वाटलं, देव पावला. अर्ध्या तासात बेल वाजली. दारात चाळिशीची एक परिचारिका होती, नाव संध्या गेडाम, आणि बरोबर पलीकडच्या गल्लीतले एक निवृत्त पोस्टमन. मी दोघांना हाताला धरून आत आणलं, उमेशच्या खुर्चीसमोर उभं केलं.

गेडामबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ललिता काळमेघ आपणच ना? आपण बसा बरं आधी."

दिवा माझ्यासाठी लागला होता. सहा दिवस त्या घरात एकटी मीच बोलत होते, आणि डबीने माझाच आलेख काढला होता.

"मला काही झालेलं नाही हो. याच्याकडे बघा!"

"यांच्या नावावर नोंद आहे, ताई. मला यांना काही विचारता येत नाही." त्यांनी मला पाणी दिलं. झोप लागते का, जेवण जातं का, विचारू लागल्या. इतक्या मायेने की मी खरी उत्तरं देत गेले. नाही लागत. नाही जात. हो, येतात तसे विचार. उमेश तीन हातांवर बसून ऐकत होता.

"पाच दिवस आमच्याकडे विश्रांतीला येता का?" त्यांनी विचारलं. "तुमची इच्छा असेल तरच."

"ताईला नेऊ नका," उमेश म्हणाला.

अठरा दिवसांनी ऐकलेला तो आवाज घोगरा होता. पोस्टमनकाका टाळीच वाजवणार होते. "बोलले की! सुटला अबोला!" डबी म्हणाली, "नोंद रद्द झाली आहे." मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

गेडामबाई मात्र हुशार होत्या. आता त्यांना विचारायची मोकळीक होती आणि त्यांना चाळीस सेकंद हवे होते. त्या सहज खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. "सर, तुम्ही गणित शिकवायचे म्हणे. माझी मुलगी दहावीत आहे, भूमितीला फार घाबरते. काय करावं?"

"आकृती स्वतः काढू द्या तिला," उमेश म्हणाला. "छापलेली बघून घाबरतात मुलं."

"हो? आणि प्रमेयं पाठ करावीत का?"

"नाही. का, ते विचारत जावं."

"म्हणजे कसं? जरा समजावून सांगा ना मला."

उमेश हसला. त्याने डबीकडे बघितलं, मग गेडामबाईंकडे, आणि हात जोडले. गेडामबाईंनी आणखी दहा-बारा प्रश्न विचारले. तो मान हलवत राहिला. तासाभराने त्या उठल्या. "अकरा सेकंद झाले," त्या मला दाराशी म्हणाल्या. "पण नोंद सुटली हे चांगलं झालं. आता पुन्हा बहात्तर तास बोलले नाहीत, की आम्ही त्यांच्यासाठी येऊ. मी स्वतः येईन. तुम्ही फक्त हो म्हणू नका अबोल्याला."

मी विश्रांतीला गेले नाही. घड्याळ लावून बसले. सहा दिवस ज्याच्यापुढे एका शब्दासाठी पदर पसरला, त्याने आता तोंड उघडू नये म्हणून मी देवाला साकडं घालत होते. मी त्याला काही विचारेना. शेंडेकाकूंना बजावलं, हाक मारू नका. घरात दोन माणसं आणि चिडीचूप. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. एकाहत्तरावा तास लागला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, नजर घड्याळावर.

"ताई, दूध उतू जातंय," उमेश म्हणाला.

खरंच जात होतं. मी गॅस बंद केला. मला राग यावा की आनंद व्हावा कळेना. शेवटी मी आनंदाचीच बाजू घेतली. माणूस दूध उतू जाताना बघतो, बोलतो, म्हणजे त्याचं घरात लक्ष आहे. त्या दिवशी मी दोन घास नीट जेवले. मग घड्याळ पुन्हा शून्यापासून लावलं.

त्या तीन दिवसांतही तो बोलला नाही. एकाहत्तरावा तास सकाळीच आला. मी बैठकीत कपड्यांच्या घड्या घालत होते, तो खिडकीशी बसला होता. गॅस बंद होता. रेडिओ बंद होता. कुठेही काही उतू जात नव्हतं.

"ताई," तो अगदी सहज म्हणाला, "दारावर कुणीतरी आलंय."

मी उठले आणि दार उघडलं. जिना वरपासून खालपर्यंत रिकामा होता. मागे भिंतीवर डबीने बारीक टुक् आवाज केला आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. मी तशीच दार धरून उभी राहिले, आलेल्या माणसाशी बोलावं तसं "या, या" म्हणाले, आणि पुष्कळ वेळ वळले नाही. वळले असते तर त्याने माझा चेहरा बघितला असता, आणि मला कळलंय हे त्याला कळलं असतं.